पितळी तोटी आणि धाकटीचं नाक

आमच्या घरात दोन सुना आल्या. मोठी मी. मला शिकलेली म्हणून आणली आणि पुढे शिकलेली म्हणूनच बोल लावले. धाकटी केमिस्ट होती. तिला बोल लावायला मात्र सासूबाईंना सवडच मिळाली नाही, कारण पहिला बोल तिनेच लावला.

लग्नाचे पाहुणे अजून पांगले नव्हते. ही स्वयंपाकघरात आली, ओट्यावरची तेलाची बाटली उचलली, बूच काढलं, नाकाशी धरली आणि म्हणाली, "आई, हे तेल खवट आहे."

माझी विळी थांबली. त्या घरात सासूबाईंच्या कुठल्याही गोष्टीला कोणी नावं ठेवली नव्हती. ठेवण्यासारखं खूप होतं, पण हिंमत नव्हती.

"कालच भरली बाटली," सासूबाई म्हणाल्या.

"भरली असेल. धुऊन भरली का?"

सासूबाई बाटली धूत नसत. तळाशी बोटभर तेल उरलं की त्यावर नवं ओतत. धाकटीने शांतपणे समजावलं, की तळाचं जुनं तेल म्हणजे विरजण, ते वरच्या नव्याला आपल्यासारखं करून सोडतं.

"माझ्या सासूने असंच भरलं," सासूबाई म्हणाल्या. "तिच्या सासूनेही असंच."

"म्हणजे तळाला अजून त्यांच्या वेळचं असणार."

मी खोकल्याचं निमित्त करून बाहेर गेले. तेव्हा सुरू झालेलं भांडण पुढे कित्येक वर्षं रोज सकाळी ताजं होत असे. घरात ताजी म्हणावी अशी तेवढीच एक गोष्ट होती, असं धाकटी म्हणायची.

ती ज्या औषधांच्या कारखान्यात होती तो काही मोठा नव्हता. टायरच्या दुकानामागे, पत्र्याच्या छपराची एक लांबट इमारत. तिथे तेलातली औषधं बनत. कानात घालायचे थेंब, भाजल्यावर लावायचं मलम, आणि तिळाच्या तेलात मिसळलेली इंजेक्शनं, म्हणजे औषध अंगात सावकाश भिनावं. लोकांना वाटतं औषधाच्या बाटलीत औषध असतं. औषध चिमूटभर असतं, बाकी सगळं तेल. आणि तेलाइतकं नाजूक प्रकरण दुसरं नाही. हवा लागली की बिघडतं, उजेड लागला की बिघडतं, ऊब लागली की बिघडतं, आणि यातलं काही न करता नुसतं विसरून गेलं तरी बिघडतं. बिघडलेलं तेल माणसाच्या दंडात टोचलं तर दंड ठणकतो, वर त्यातलं औषधही बाद होतं. हे सगळं मी जेवताना ऐकलेलं आहे. आमच्या घरी जेवताना दुसरा विषय नसे.

तेलाचं पिंप आलं की धाकटी आधी नियमाप्रमाणे चाचण्या करायची. त्यातली मुख्य पेरॉक्साइडची. तेलाला हवा लागली की त्यात पेरॉक्साइड तयार व्हायला लागतं. थेंब थेंब द्रव घालत ते किती झालंय याचा आकडा काढायचा. कमी तर तेल चांगलं, जास्त तर परत. हे काम कोणीही करतो, असं ती स्वतःच म्हणायची. खरा खेळ त्यानंतर. तळहातावर दोन थेंब घ्यायचे, दुसऱ्या तळव्याने चोळून कोमट करायचे, डोळे मिटायचे आणि नाकाशी धरायचे. तेवढा वेळ गोदामवाला खोकलासुद्धा गिळून उभा राहायचा. मग ती म्हणायची, "ठेवा," नाहीतर म्हणायची, "उचला हे माझ्यासमोरून."

तिचं कधी चुकलं नाही. बाहेरून कोणी कारखाना बघायला आलं की बडे मालक त्यांना मुद्दाम तिच्या खोलीत आणत. लोक तिला नाकबाई म्हणत, आणि तिला ते आवडे. नम्रपणा तिला कधी जमलाच नाही. मीही शिकवायला गेले नाही, मला तरी कुठे येतो. पुस्तकात एक जुनी चाचणी आहे, तेलात आम्ल आणि एक द्रव्य घालायचं, तेल खवट असेल तर लाल होतं. त्या चाचणीचं नाव काढलं की ती हसायची. "ज्यांना देवाने नाक दिलं नाही त्यांची सोय आहे ती."

मग बड्या मालकांचे गुडघे गेले आणि छोटे मालक खुर्चीवर आले. हा मुलगा व्यवस्थापन शिकला होता, म्हणजे काम सोडून बाकी सगळं त्याला येत होतं. त्याने पहिल्याच सभेत विचारलं, "एका माणसाच्या नाकावर कारखाना कसा चालवायचा? उद्या बाईंना सर्दी झाली तर?"

सगळे हसले. धाकटी सगळ्यांत मोठ्याने हसली.

त्याच वर्षी तिला सर्दी झाली. ताप आला, गेला, खोकला राहिला, तोही गेला. ती कामाला जायला लागली. एका रविवारी मी तिच्याकडे गेले. तोवर आम्ही दोघी वेगळ्या राहत होतो, एकाच गल्लीत, आणि सासूबाई आलटून पालटून. तेव्हा पाळी तिच्याकडे होती. जिन्यातच करपल्याचा वास आला. आत बघते तर दूध उतू जाऊन, आटून, पातेल्याचा तळ काळा, आणि ही त्याच ओट्याला टेकून मासिक वाचत उभी.

"अगं, दूध."

"बघतेय मी," ती म्हणाली आणि पान उलटलं.

मी गॅस बंद केला, मासिक काढून घेतलं आणि तिच्याकडे बघितलं. ती पातेल्याकडे बघत होती. माणसाला स्वतःचं आडनाव आठवेनासं झालं तर तो जसा बघेल, तशी.

"वहिनी, नाक गेलं."

"कुठे गेलं? आहे की जागेवर."

"थट्टा नको. तापापासून काही म्हणजे काही वास येत नाही. फिनेल नाही, कांदा नाही. तेल नाही."

"डॉक्टर काय म्हणतो?"

"येईल म्हणतो. कधी येईल विचारलं तर खांदे उडवतो. वहिनी, कोणाला सांगायचं नाही. छोटे मालक टपून बसलेत. नाक नाही म्हटलं की मी कोण? बाटलीत थेंब मोजणारी बाई. तशा त्यांना निम्म्या पगारात मिळतील."

मला वाटलं, हिला थेंब मोजणारी म्हणायची कोणाची छाती आहे. पण ती घाबरली होती, आणि तिला घाबरलेली मी पहिल्यांदाच बघत होते. म्हणून गप्प बसले. मला ते फार वेळ जमत नाही.

त्यानंतर ती तेलाचे नमुने लहान बाटल्यांतून घरी आणायला लागली. जेवणं झाली की बाटल्या टेबलावर मांडायच्या आणि घरच्यांनी वास घ्यायचा. सांगितलं असं, की कारखान्यात नवी पद्धत आलीय, सामान्य माणसांचं मत घेतात. पहिला सामान्य माणूस म्हणजे माझा दीर. तो हुंगायचा आणि म्हणायचा, "छान आहे." दुसरी बाटली, छान आहे. तिसरीत तिने भांडी घासायचं पाणी भरलं होतं. तेही छान होतं. ज्या माणसाने इतकी वर्षं बायको आणि आई या दोघींच्या हातचं जेवून कोणाचं चांगलं ते कधी सांगितलं नाही, त्याच्याकडून दुसरं काय मिळणार?

सासूबाईंचं उलटं. त्या बाटली नाकापर्यंत यायची वाटही बघत नसत. "खवट." पुढची? "तीही." साधं पिण्याचं पाणी दिलं तर म्हणाल्या, "शिळं आहे."

राहिले मी. मला धुळीचं वावडं आहे, वर्षातले निम्मे दिवस शिंका. माझं नाक चष्मा टेकवायला आहे.

असं तिचं न्यायमंडळ. काही आठवडे निभावलं, कारण येणारी पिंपं मुळात चांगली होती. आकडा चांगला यायचा, ती तळहात चोळायची, डोळे मिटायची आणि "ठेवा" म्हणायची. गोदामवाला खोकला गिळतच होता.

मग ते पिंप. तिळाचं तेल, इंजेक्शनसाठी आणलेलं, अर्धं वापरून झालेलं. आलं तेव्हा उत्तम होतं. तापाच्या आधी तिनेच नाकाने पास केलं होतं. मधे पुन्हा तपासलं तर पेरॉक्साइडचा आकडा एकदम वर. तिने त्याच्यावर लाल चिठ्ठी लावून ते बाजूला ठेवलं. पुढे इंजेक्शनांची मोठी मागणी आली, तेल कमी पडलं, आणि छोट्या मालकांना ते पिंप दिसलं.

"बाई, पुन्हा एकदा बघा ना. आकड्यात चूकभूल होते."

तिने पुन्हा बघितलं. आकडा खाली आला होता. नियमाच्या आत, अगदी सुखरूप.

छोटे मालक खूश. "बघा, सुधारलं तेल."

"तेल सुधारत नसतं," धाकटी म्हणाली. "माणसं एक वेळ सुधारतील."

तिने त्याला सांगितलं ते मी माझ्या शब्दांत सांगते. पेरॉक्साइड हा मधला मुक्काम आहे. तेल बिघडायला लागलं की ते वाढतं, आणि आणखी बिघडलं की तेच मोडून त्याचे दुसरे पदार्थ होतात, ज्यांना तो खवट वास असतो. मग पेरॉक्साइडचा आकडा उतरतो. म्हणजे ताप उतरला म्हणून खूश व्हावं आणि बघावं तर माणूस गार पडलेला, तसं. कमी आकडा दोन तेलांचा येतो, एक कोऱ्या तेलाचा आणि एक पार कामातून गेलेल्याचा. दोघांतला फरक नाकाला कळतो.

"मग घ्या वास," छोटे मालक म्हणाले. "मला तर तेलासारखाच येतो."

तिने तळहात चोळले, डोळे मिटले. काही नाही. तरी ती म्हणाली, "खवट आहे."

आता हा मुलगा कामात कच्चा असला तरी माणसं ओळखण्यात तसा नव्हता. त्याला वाटलं, बाईंना वास काही आलेला दिसत नाही, नुसतं आपलं म्हणणं खरं करायला हट्टाला पेटल्यात. म्हणाला, "तसं असेल तर उद्या सकाळी दोन पेले ठेवू. एकात नव्या पिंपातलं, एकात यातलं. कुठल्यात कुठलं ते फक्त गोदामवाल्याला माहीत. तुम्ही ओळखा. ओळखलंत तर हे पिंप ओतून देऊ. नाहीतर मी सही करतो आणि दुपारी भरायला घेतो."

संध्याकाळी ती माझ्याकडे आली नाही, मला बोलावून घेतलं. तिच्या स्वयंपाकघरात बसलो. सासूबाई पलीकडच्या खोलीत झोपल्या होत्या, असं आम्हाला वाटत होतं.

"गोदामवाला तुझ्या शब्दाबाहेर आहे का?" मी म्हटलं. "एका पेल्याला खूण करायला सांग. तेल खराब आहे हे तुला माहीतच आहे. खरं तेच सांगायचंय, जरा वाकड्या वाटेने."

"आज नाकाची थाप मारली तर पुढच्या पिंपाला काय मारू?"

"मग ती तुझी लाल चाचणी कर."

"ती केली की सगळे विचारणार, बाई, आज नाकाला काय झालं? आयुष्यभर त्या चाचणीला हसले मी, वहिनी. ती करायची म्हणजे आधी सांगावं लागणार."

"मग सांग."

"तुमचं काय जातंय सांगायला?"

खरं होतं. माझं काही जात नव्हतं. तेवढ्यात दार ढकलून सासूबाई आत आल्या, भिंतीला धरत धरत, आणि आम्हा दोघींच्या मधल्या खुर्चीवर बसल्या.

"तिचं नाक गेलंय हे मला कधीचं माहितीये," त्या मला म्हणाल्या, धाकटी समोर नसल्यासारख्या.

"तुम्हाला कोणी सांगितलं?" धाकटी म्हणाली.

"सांगायला कशाला हवं? ताप उतरल्यापासून एकदा तरी माझ्या हातच्या कशाला नाक मुरडलंस? परवा मी जुन्या तेलावर नवं ओतलं. तुझ्यासमोर ओतलं. मुद्दाम. तू बघितलंस आणि गेलीस निघून." त्यांचा आवाज एकदम चढला. "मला वाटलं आता ही बोलेल. आता बोलेल. घर म्हणून काही राहिलं नाही."

सासूबाईंनी टेबलावरची नमुन्याची बाटली उचलली, उघडलीही नाही, आणि खाली ठेवली.

"खवट आहे. कोणाला टोचणार आहेत हे?"

"लोकांना."

"मग नाक गेलं तर गेलं. तोंड शाबूत आहे ना? माझ्यापुढे तर चांगलं चालतं. तिथे चालव."

एवढं बोलून त्या पुन्हा भिंतीला धरत गेल्या. धाकटीने ती बाटली बाजूला सारली. मग म्हणाली, "परवा ओतलं? कुठल्या बाटलीत?" आणि उठून ओट्यावरची तेलाची बाटली घासायला घेतली.

सकाळचा प्रसंग मला गोदामवाल्याने सांगितला. तो नंतर पुष्कळदा चहाला यायचा आणि दर वेळी सांगताना त्यातला लाल रंग आणखी लाल व्हायचा.

दोन पेले झाकून ठेवलेले. छोटे मालक, कामावरची माणसं, सगळी गोळा. धाकटी आली, पेल्यांकडे बघितलंसुद्धा नाही, म्हणाली, "मला दोन्हींचा वास येणार नाही. तापात माझं नाक गेलं. तेव्हापासून मी तुम्हाला फसवतेय."

गोदामवाला म्हणतो, त्या वेळी इतकी शांतता झाली की त्याने गिळून ठेवलेला खोकला बाहेर आला.

छोट्या मालकांनी तोंड उघडलं तशी ती म्हणाली, "थांबा, तुमचं मागाहून." तिने दोन परीक्षानळ्या घेतल्या. एकेका पेल्यातलं थोडं थोडं तेल, त्यात तीव्र आम्ल, बूच लावून खळखळून हलवलं. मग ईथरमध्ये विरघळवलेलं ते द्रव्य घातलं, पुन्हा हलवलं आणि नळ्या उभ्या करून ठेवल्या. एक नळी होती तशीच राहिली. दुसरीच्या तळाला आधी गुलाबी झाक आली, मग ती चढत गेली, आणि बघता बघता नळी लालभडक.

"हे जुन्या पिंपातलं," ती म्हणाली. गोदामवाल्याने मान हलवली. छोट्या मालकांनी ती नळी उजेडाकडे धरून बघितली. शेवटी म्हणाले, "म्हणजे सुधारलं नव्हतं."

"नाही."

"आणि तापानंतर तुम्ही पास केलेली बाकीची पिंपं?"

प्रश्न बरोबर होता. त्या पोराने विचारलेला पहिला बरोबर प्रश्न, असं धाकटीनेच मला पुढे सांगितलं. प्रत्येक पिंपाचा नमुना जपून ठेवलेला असतो. ते सगळे तिने काढायला लावले आणि जेवायला न उठता एकामागून एक नळी लावत बसली. एकही लाल झाली नाही. शेवटची फिकीच राहिली तेव्हा ती तिथल्या तिथे स्टुलावर बसली आणि गोदामवाल्याला म्हणाली, "आता खोका खुशाल."

मग ती त्या पिंपाकडे गेली. चांगलं तेल इतक्या झपाट्याने बिघडलं कसं, हे तिला कळत नव्हतं. पिंप बॉयलरच्या भिंतीला लागून होतं, वरून अर्धं रिकामं, म्हणजे आत हवाच हवा. पण तेवढ्याने इतकं होत नाही. मग तिची नजर खाली गेली.

"ही तोटी कोणी बसवली?"

"मी," गोदामवाला म्हणाला, अभिमानाने. "प्लास्टिकची गळत होती. थेंब थेंब वाया जायचं. मी चांगली पितळी आणली. रोज पुसतो."

ती लखलखत होती. धाकटीने कपाळाला हात लावला. पितळेत तांबं, आणि तेलाला तांब्याइतका वाईट शेजार नाही. चवीपुरतं मिसळलं तरी बिघाड सुसाट धावतो. थेंब वाचवायला म्हणून लावलेल्या तोटीने अर्धं पिंप घालवलं. गोदामवाल्याने ती काढून घरी नेली आणि पाण्याच्या टाकीला बसवली. तिथे ती अजून आहे म्हणतात.

छोट्या मालकांनी तिला काढलं नाही. काढलं असतं तर मी त्यांच्याकडे जाऊन बोलले असते, आणि त्यांना ते सोसलं नसतं. पण नाकबाई संपली हे खरं. तेल तपासायचं यंत्र आलं. वासासाठी पाच जणांचं मंडळ नेमलं, ते तिलाच शिकवावं लागलं, आणि ती त्यांच्यावर इतकी डाफरायची की दोघांनी सोडून जाण्याची धमकी दिली. पाहुणे आले की आता त्यांना यंत्र दाखवत. ती कोपऱ्यात थेंब मोजत बसलेली असायची. निवृत्त होईपर्यंत तिने तेच केलं. तिला त्याचं वाईट वाटलं का? वाटलं. काही दिवस ती घरी येऊन कोणाशी बोलायची नाही. "निम्म्या पगारातली बाई आली," म्हणून दार उघडायची. पगार मात्र पूर्ण होता.

नाक पुढे परत आलं, पण वाकडं. सगळ्याला जळक्या रबराचा वास. फुलाला, साबणाला, नवऱ्याला. डॉक्टर म्हणाला, ही सुधारणा आहे. ती म्हणाली, ही तेलासारखी सुधारणा आहे. मग रबरही गेलं आणि पुन्हा काहीच नाही. डॉक्टरने खांदे उडवले.

सासूबाई शेवटी शेवटी अंथरुणाला खिळल्या, धाकटीकडेच. डोळे अधू, हात थरथरते. तरी रोज सकाळी तेलाची बाटली मागून घ्यायच्या आणि हिच्या नाकाशी धरायच्या. "येतोय का?" ती म्हणायची, नाही. मग त्या दिवसभर पडून असायच्या, जेवायच्यासुद्धा नाहीत नीट.

एक दिवस मी तिथेच होते. त्या दिवशी बाटली मीच भरली होती. घासून, उलटी करून वाळवली होती आणि नुकत्याच फोडलेल्या डब्यातलं तेल घातलं होतं. त्याहून ताजं तेल कारखान्यातसुद्धा नसेल. सासूबाईंनी बाटली धरली. "येतोय का?"

धाकटीने बूच काढलं. डोळे मिटले. जरा वेळ घेतला, पूर्वी घ्यायची तसा.

"आई, हे खवट आहे."

सासूबाई कोपरावर उठून बसल्या. किती दिवसांनी.

"खवट? कालच भरलंय."

"भरलं असेल. धुऊन भरलं का?"

"माझ्या सासूने असंच भरलं," त्या सुरू झाल्या, आणि मग थांबेनातच. बाटली, सासू, सासूची सासू, हिचं शिक्षण, हिच्या माहेरचं वळण, सगळं ओळीने निघालं. धाकटी एकाला एक उत्तर देत होती. मधेच तिने माझ्याकडे बघितलं. मी चष्मा पुसत होते.

दुपारी सासूबाई दोन वेळा वाढून घेऊन जेवल्या. भाजीत तेल जरा जास्तच आहे, म्हणाल्या.